दगडाला धार येते तेव्हा : नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, ५ ऑक्टोबर २०२४, कांदिवली

विज्ञान प्रदर्शनाचा विषय ठरला. दरवर्षीचा सोड्याचा ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन यंदा नको, असं मुलांनीच सांगितलं. इतिहासाच्या पुस्तकात आदिमानवाची दगडी हत्यारं दोन परिच्छेदांत उरकतात. त्याने ती केली एवढं कळतं, कशी केली ते कळत नाही. गटातल्या डावखुऱ्या मुलीने विचारलं, "बाई, दगडाने दगड ठेचला तर भुगा व्हायला पाहिजे ना? धार कुठून येते?"

मला उत्तर देता आलं नाही. प्रश्न तसाच्या तसा वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतला. गटात चार जण: दोन मुलगे, दोन मुली.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गटातल्या एका मुलाचे आजोबा पाथरवट आहेत. आधी खाणीत होते, पुढे सगळं आयुष्य पाटे-वरवंटे, जाती, उखळं घडवण्यात गेलं. सोनं द्यायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेले. पाटावर टाक्या, छिन्न्या, हातोडा, सुतकी, गुण्या असं सगळं पुसून मांडलेलं. प्रत्येकाला हळदकुंकू, वर झेंडूचं एकेक फूल. टाक्या वापरून वापरून बोटाएवढ्या उरल्या होत्या, तरी त्यांतली एकही टाकून दिलेली नव्हती.

विषय सांगितला. लोखंडाशिवाय दगड घडवता येईल का, असं विचारलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "फुटेल हो. फुटायला काय, कसाही फुटतो. पण आपल्याला पाहिजे तसा फुटायचा असेल तर आधी वाजवून बघावा लागतो."

दाराशी दोन वरवंटे पडले होते. त्यांनी हातोडीने दोन्हींवर हलकेच टिचकी मारल्यासारखा ठोका दिला. पहिला खणखणीत वाजला. दुसरा बद्द. दिसायला दोन्ही सारखेच होते. "याच्या पोटात चीर आहे. हा दोन महिन्यांत दुभंगणार." मी वरवंटा फिरवून फिरवून पाहिला, मला चीर काही दिसली नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पहिला प्रयत्न, शाळेच्या मागच्या मोकळ्या जागेत. रस्त्याचं काम चाललंय तिथल्या माणसांना विचारून मोठी खडी आणली. काळा पाषाणच, पण मुंबईत सहज हाती लागतो तो बहुतेक असाच: उन्हापावसाने आतून कुजलेला, बारीक भोकांचा, भोकांत पांढरे स्फटिक. तासभर ठोकाठोक झाली. दगड जुन्या भेगांतून फुटले, त्यांचे चौकोनी तुकडे झाले, भुगा झाला. धार नाही.

एका मुलाने वैतागून दगड सिमेंटच्या कट्ट्यावर आपटला. आश्चर्य म्हणजे त्यातच एक बऱ्यापैकी पातळ तुकडा निघाला. मुलं हसली, पण मला कान्झीची गोष्ट आठवली आणि ती मी तिथेच सांगितली. कान्झी हा बोनोबो जातीचा वानर. १९९० पासून निकोलस टोथ हे पुरातत्त्वज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत त्याला दगडाचे छिलके, म्हणजे पातळ धारदार कपच्या, काढायला शिकवलं. खाऊची पेटी दोरीने बांधलेली असे आणि दोरी कापायला धार लागे. त्याला हातातल्या दगडाने नीट छिलका काढणं जमेना, म्हणून त्याने स्वतःच युक्ती काढली आणि दगड कडक जमिनीवर आपटायला लागला. शिकवलेली रीत सोडून त्याने हे शोधलं, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या मुलालाही मी शाबासकी दिली.

जाताना मुलांनी सगळ्या कपच्या केराच्या डब्यात भरल्या. जागा स्वच्छ झाली म्हणून मी खूश होते.

बाटलीच्या बुडावर सराव केला तर लवकर जमतं असं कळलं. काच मुलांच्या हाती द्यायची नाही, हे मी आजच ठरवून टाकलं.

मंगळवार, ५ नोव्हेंबर, नेवासे

भाऊबिजेला माहेरी आले ती दोन दिवस राहिले. नेवाशाला लोक येतात ते ज्ञानेश्वरीच्या खांबाला डोकं टेकवायला. मीही लहानपणापासून जातेय. पण याच प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकलिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजच्या चमूने उत्खनन केलं आणि मध्ययुगापासून थेट अश्मयुगापर्यंतचे थर मांडून दाखवले, हे मला बीएडला असताना समजलं. पुढे १९६० च्या दशकात गुद्रुन कॉर्विनस या जर्मन संशोधिकेने जवळच्या चिरकी नाल्यावर हातकुऱ्हाडी (दोन्ही तोंडांनी घडवलेली बदामासारखी हत्यारं) आणि फरशा (रुंद, सरळ धारेची दगडी हत्यारं) खोदून काढल्या. ज्या नाल्याकाठी आम्ही बोरं वेचली, त्याच्या काठावर माणूस इतक्या जुन्या काळी बसून दगड घडवत होता. गावात हे ठाऊक असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. याचं मला वाईट वाटतं आणि म्हणून इथे लिहून ठेवतेय.

नदीपात्रातून काहीच उचलायचं नाही, हे मुलांना आधीच बजावलं होतं. जुनं हत्यार उचललं की ते कुठल्या थरात होतं ही माहिती कायमची जाते. उचलला तो भावाच्या बांधकामाची वाळू चाळून उरलेला गोटा, तोही एकेक निरखून. आजोबांसारखं वाजवत बसले. वहिनी दारातून बघत होती, मग तीही येऊन बसली आणि तिचा कान माझ्यापेक्षा तयार निघाला.

असं निवडणं ही फार जुनी गोष्ट आहे. इथिओपियातल्या गोना इथे २६ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं सापडली. तिथे शेजारच्या नदीच्या गोट्यांत जे दगड होते ते सगळे सरसकट वापरलेले नाहीत. बारीक पोताचे, नीट फुटणारे तेवढे वेचून घेतलेत. म्हणजे ठोक्याच्या आधी पारख होती.

चौदा गोटे घेतले: नऊ घट्ट काळ्या दगडाचे, पाच चर्ट आणि जास्परचे, म्हणजे आपण ज्याला गारगोटी म्हणतो त्या जातीतले. एसटीच्या कंडक्टरने पिशवी हलवून पाहिली आणि विचारलं, "ताई, गावाकडून लोक बाजरी नेतात." काय आहे ते सांगितलं. त्याने एक गोटा हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज बरंच काही घडलं, सविस्तर लिहिते.

आजोबा दहाला आले, टाक्या न आणता. बदामाच्या झाडाखाली ताडपत्री पसरली. सगळ्यांना चष्मे, हातमोजे, मास्क. आजोबांनी मास्क लावायला नको म्हटलं तेव्हा नातवानेच तो त्यांच्या कानांत अडकवला. त्यांचा खोकला खाणीच्या दिवसांपासूनचा आहे. गारगोटीच्या जातीच्या दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. खंबायतला अकीक घडवणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस कितीतरी वर्षं नोंदला गेलाय. त्यामुळे काम उघड्यावरच आणि झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, हा नियम केला.

आजोबा उकिडवे बसले, मांडीवर गोणपाटाची चौपदरी घडी घेतली, त्यावर काळा गोटा ठेवला. उजव्या हातात दुसरा गोटा, लिंबापेक्षा थोडा मोठा. गोटा फिरवून पाहिला आणि खाली ठेवला.

"याला कडच नाही. कड नाही तर ठोका कुठे मारू?"

गुळगुळीत गोट्याला सगळीकडून गोलाईच. तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या मोठ्या दगडावर उभा धरला आणि वरून एकच घाव घातला. गोट्याची दोन भकलं झाली. आता प्रत्येक भकलाला एक सपाट तोंड होतं आणि त्या तोंडाला कड.

मग त्यांनी सपाट तोंडावर तीन ठोके मारले. पांढऱ्या चांदण्या उमटल्या, थोडी पूड उडाली, बाकी काही नाही. चौथ्यालाही तेच. माझ्या मनात आलं, यांनाही जमत नाही तर आमचं काय. डावखुरी मात्र त्यांच्या हाताकडे एकटक बघत होती. म्हणाली, "आजोबा, तुम्ही टाकीवर मारता तसं मारताय. सरळ, आत. बाहेरच्या बाजूला मारून बघा ना, कडेला अगदी चिकटून."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या दगडाकडे. भकल मांडीवर थोडं तिरपं केलं. कडेपासून अर्ध्या बोटावर, बाहेर निसटत जाणारा ठोका. आवाज वेगळाच आला, खट्ट नाही, टच्च. गोणपाटावर काहीतरी पडलं.

तीन ठोक्यांत तीन पडले. मग चर्टचा गोटा घेतला. त्याचा पहिला छिलका मी आत्ता समोर ठेवूनच लिहितेय. लांबी ६ सेंटिमीटर, रंग गुळाच्या खड्यासारखा. वरच्या टोकाला जिथे ठोका बसला ती नखाएवढी सपाट जागा. तिच्या लगेच खाली चिंचोक्याएवढा फुगवटा. फुगवट्यापासून खाली वाकड्या रेघा पसरत गेल्यात, तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. तोंडावरून बोट फिरवलं तर साबणासारखं गुळगुळीत लागतं. कड उजेडाकडे धरली की तिच्यातून ऊन दिसतं.

पहिल्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. लाकडाला असते तशी शीर या दगडाला नसते, पोत सगळीकडे सारखा. ठोका बसतो तिथून चीर शंकूच्या आकारात पसरते. दगडाच्या मधोमध मारलं तर तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही, वरच्या वर भुगा होतो. पण कड काटकोनापेक्षा लहान असेल आणि ठोका तिच्या जवळ बसला तर चीर बाजूच्या अंगाला धरून सरकत जाते आणि बाहेर पडते. दोन अंगं एकमेकांना इतक्या चिंचोळ्या कोनात भेटतात, की तीच धार. फुगवटा आणि रेघा म्हणजे त्या चिरेच्या खुणा. निसर्गात आपोआप फुटलेल्या दगडातून माणसाने फोडलेला ओळखायचा तो बऱ्याचदा याच खुणांवरून.

पुढचा प्रसंग मला विसरता येणार नाही. मुलांनी उरलेला गाभा उचलला. त्याला सगळीकडून खाचा पडल्या होत्या, हातात छान बसत होता. "बाई, हत्यार तयार झालं!" म्हणून तो बाकावर मांडला, त्याचा फोटो काढला आणि गोणपाट झटकायला उचललं. आजोबांनी हात धरला. गोणपाटातून एक कपची उचलली आणि गोणीची सुतळी एका फटक्यात कापून दाखवली.

"वस्तू ही आहे. तुम्ही टाकताय ती."

रविवार, १७ नोव्हेंबर

रात्री वाचत बसले. टांझानियातल्या ओल्डुवाय घळीत मेरी लीकी यांनी हजारो दगड काटेकोरपणे वर्गवार लावले. घडवलेल्या गाभ्यांना तोडहत्यारं, चकत्या, गोलक अशी नावं दिली. तिथली सर्वांत जुनी हत्यारं सुमारे २० लाख वर्षांपूर्वीची. पुढे १९८० च्या दशकात टोथ यांनी स्वतः तसेच दगड फोडून पाहिले आणि म्हटलं, की पुष्कळदा हवे होते ते छिलके, आणि गाभे म्हणजे छिलके काढून उरलेला भाग. आमच्या मुलांनी फोटो काढला तो उरल्यासुरल्याचा. १९ ऑक्टोबरला आम्ही केरात भरलं त्यात काय काय असेल, कोण जाणे.

आणखी एक वाचलं, त्याने झोप उडाली. ब्राझीलमधल्या सेरा दा कापिवारा इथली कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात. त्यातून धारदार छिलके पडतात, अगदी माणसाने काढल्यासारखे. २०१६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माकडं त्या छिलक्यांकडे ढुंकून बघत नाहीत. फुटलेला दगड चाटतात आणि पुढे जातात.

म्हणजे दगड फोडणारे पुष्कळ होते. कुणीतरी एकदा खाली पडलेला तुकडा उचलला. केनियातल्या लोमेक्वी इथली ३३ लाख वर्षांपूर्वीची हत्यारं २०१५ मध्ये जगासमोर आली. काही दगड तर १५ किलोपर्यंतचे. आपल्या होमो कुळातला सर्वांत जुना जबडा सुमारे २८ लाख वर्षांचा. तेव्हा तो उचलणारा हात आपल्या कुळाच्याही आधीचा दिसतो.

शनिवार, २३ नोव्हेंबर

निवडणुकीचा निकाल, बाहेर दिवसभर फटाके. काम दुकानाच्या मागच्या पडवीत केलं. गटातल्या एका मुलीच्या वडिलांचं मटणाचं दुकान आहे. त्यांनी कातड्यासकट बकऱ्याचा पाय दिला.

चर्टच्या छिलक्याने कातडं ब्लेडने कापावं तसं उलगडलं. चरबी लागल्यावर बोटं निसटायला लागली, म्हणून धरायच्या बाजूला गवताची पेंढी गुंडाळली. सांध्याची शीर कापताना चर्टची कड दातरली. काळ्या दगडाचा छिलका सुरुवातीला बोथट वाटला, पण तो शेवटपर्यंत टिकला. दोन्हींची गरज का पडत असेल ते हातालाच कळलं. वडील बघत होते. म्हणाले, "सुरीला मी दिवसातून चारदा धार लावतो. यांना लावायला नको, दुसरी काढायची."

हाड फोडून नळी काढली. मग हाडावरचे ओरखडे भिंगातून पाहिले: बारीक, सरळ, इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोली. इथिओपियात बोउरी इथे २५ लाख वर्षांपूर्वीच्या जनावरांच्या हाडांवर असेच कापल्याचे आणि फोडल्याचे व्रण आहेत. हत्यार सापडलं नाही तरी हाड साक्ष देतं.

मोजमाप: ६४० ग्रॅमच्या एका गोट्यातून वापरता येतील असे ११ छिलके. कडेला दोरा लावून धार मोजली, सगळ्यांची मिळून ७४ सेंटिमीटर. वडिलांच्या मोठ्या सुरीचं पातं २२.

शनिवार, ७ डिसेंबर

हातकुऱ्हाड करायचा प्रयत्न. नाही जमली. तीन गोटे गेले. तिसरा बराच आकाराला आला होता, बदामासारखा, दोन्ही तोंडांनी छिलके काढलेले. आजोबांच्या हातात असतानाच टोकाशी ठोका बसला आणि तो कमरेत मोडला. ते कितीतरी वेळ दोन तुकडे जुळवून धरून बसले होते.

फरक कुठे आहे ते मुलांना आता न सांगता कळलं. छिलका काढायचा तर पुढचा एक ठोका दिसला की पुरे. हातकुऱ्हाडीला पुढचे दहा दिसावे लागतात. या ठोक्याने पुढच्या ठोक्यासाठी कड तयार राहील का, हे बघत जावं लागतं. केनियात असं काम सुमारे १७ लाख ६० हजार वर्षांपूर्वी दिसतं. आपल्याकडे तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी काढलेल्या हातकुऱ्हाडींचं वय सुमारे १५ लाख वर्षं ठरलं. भारतात या अभ्यासाची सुरुवातही त्याच भागातली: ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला मद्रासजवळ पल्लावरमला घडवलेला दगड सापडला.

मोडलेली कुऱ्हाड टाकायची नाही. प्रदर्शनात तीच ठेवायची, असं चौघांनी एकमताने ठरवलं. मला पटलं.

शनिवार, १४ डिसेंबर

आवराआवर. १९ ऑक्टोबरच्या कपच्या गेल्या त्या गेल्या, पण आता एकही तुकडा इथल्या मातीत राहू द्यायचा नाही. कारण ही कांदिवली आहे. नौदलातले अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी याच कांदिवलीच्या थरांतून दगडी हत्यारं गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यांवर निबंध लिहिला. मुंबई परिसरातल्या बारीक दगडी पात्यांवरचा, म्हणजे सूक्ष्मास्त्रांवरचा, त्यांचा लेख १९५० चा. ज्या स्टेशनवरून आपण रोज लोकल पकडतो त्याच्या आसपास हे सगळं होतं, ऐकून मुलं बराच वेळ काही बोललीच नाहीत. आज तिथे इमारती आहेत. पण कुठे पाया खणताना उद्या कुणाला थर दिसलाच, तर त्यात आमच्या नेवाशाच्या गोट्यांची भेसळ सापडायला नको.

ताडपत्री झटकली, माती चाळली. सगळं गोणीत भरलं. वर्ष कळावं म्हणून आत २०२४ चं एक नाणं आणि प्लास्टिकच्या पिशवीत तारखेची चिठ्ठी.

शनिवार, २१ डिसेंबर

प्रदर्शन झालं. बक्षीस नाही. परीक्षकांनी चालतं मॉडेल कुठे आहे असं विचारलं. डावखुरीने त्यांच्या हातात छिलका दिला आणि कागद कापायला सांगितला.

शनिवार, ४ जानेवारी २०२५

गोणी शिवायच्या आधी एक गोटा पुन्हा जुळवून पाहायचं ठरलं होतं. केनियातल्या लोकालालेई इथे २३ लाख वर्षांपूर्वीचे गाभे संशोधकांनी असेच जुळवले. गाभ्यांवर त्यांचे छिलके पुन्हा बसले, म्हणजे घडवणाऱ्याच्या ठोक्यांचा क्रमच हाती आला. आम्ही १६ नोव्हेंबरचा चर्टचा गोटा घेतला. दोन तास गेले. नऊ छिलके बसले. प्रत्येक बसताना किंचित आवाज येतो, कडी लागल्यासारखा. त्याची सवयच लागली.

गोटा जवळजवळ पूर्ण झाला, पण एका अंगाला खोल खाच राहिली. गोणी पालथी करून पाहिली, तिथला छिलका नाही. गणपतीतली उरलेली शाडू माती मुलींनी भिजवली, खाचेला तेलाचं बोट फिरवलं आणि माती दाबून भरली. अर्ध्या तासाने अलगद काढली. हातात हरवलेल्या छिलक्याचा आकार आला: लांब, एका बाजूला सरळ कड, धरायच्या बाजूला जाड. काढलेल्या सगळ्यांत तोच उत्तम होता, यात शंका नाही.

उत्खननातही बऱ्याचदा असंच दिसतं. कामाची नसलेली पाती तिथेच पडून राहतात आणि चांगली कुणीतरी सोबत नेलेली असते.

नातवाने संध्याकाळी घरी विचारलं. छिलका आजोबांच्या बंडीच्या खिशात होता, रुमालात गुंडाळलेला. त्यांनी निरोप पाठवला की तो परत मिळणार नाही. आम्ही शाडूचा तुकडा वाळवला आणि त्याच्या जागी बसवला.